पाणी दिसताच शंख

मोटुप पाटकरी झाला तो तोंडामुळे. ओढ्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं हे ठरवणाऱ्याला अख्ख्या गावाच्या शिव्या खाव्या लागतात, आणि आमच्या खालच्या गावात शिवी सव्याज परत करणारा तो एकटाच होता. त्यामुळे बर्फ सरलं की गावाची बैठक बसायची, सगळे एकमेकांची तोंडं बघायचे आणि काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडायचं. तो कुरकुरायचा, पण मनातून खूश असायचा. दगड आणि धुळीच्या या मुलखात जे काही हिरवं दिसतं ते आपल्या फावड्याच्या जोरावर, असा त्याला माज होता. थोडाफार खराही होता.

पाण्याची एक रीत होती. तुटलेलं पाणी पुन्हा आलं की पाटकऱ्याच्या घरून शंख फुंकायचा. तो ऐकला की प्रत्येक घराने, म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत, फावडी घेऊन ओढ्याच्या पात्रात उतरायचं, पाटाचं तोंड साफ करायचं आणि तिथल्या दगडाला लोणी लावायचं. जे घर येणार नाही त्याची पाळी गेली. मग कितीही रडा.

त्या उन्हाळ्यात जवाच्या कणसात दूध भरत होतं आणि एका सकाळी ओढा थांबला. कमी झाला नाही, थांबलाच. सगळं गाव काठावर जमलं, आणि सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट आली.

"वरच्यांनी पाणी दाबलं," गावातला सगळ्यात म्हातारा, मेमे तुंडुप म्हणाला. "मोटुप, तुझ्या जावयाचं गाव ना ते? पोरीबरोबर ओढाही आंदण दिलास की काय?"

लोक हसले. मोटुपच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागच्या साली वरच्या गावाने खरंच पाणी चोरलं होतं आणि तेव्हापासून त्याने आपल्या पोरीशी, चोंडोलशी, बोलणं टाकलं होतं. ती नव्या वर्षाच्या सणालाही आली नव्हती. त्याने फावडं खांद्यावर टाकलं आणि बायकोला, कुन्झेसला, बजावलं, "मी वर जाऊन बांध फोडतो. वळणावर पाण्याची धार दिसली की शंख फुंक. चहा उकळतोय, शेळी सुटलीय, असलं काही सांगू नकोस. जन्मात एकदा तरी माझं ऐक."

"ऐकते हो. तिथे पोरीला शिव्या घालू नका म्हणजे झालं."

घळीतून वर जाताना तो कोरड्या पात्रातूनच चालला. वाट सोपी होती, पण चैन पडेना. ओढ्याच्या आवाजात जन्म गेलेल्या माणसाला ती शांतता सोसवत नव्हती. रानमेंढ्या कड्यावर उंच उभ्या होत्या. एकही खाली उतरत नव्हती. मध्येच ओल्या मातीचा वास आला, इथे कधी न येणारा. तो जावयासाठी शिव्या जुळवत पुढे गेला.

वरचं गाव कड्याच्या माथ्यावर आहे. चोंडोल शेताच्या बांधावर फावडं घेऊनच उभी होती.

"आलात भांडायला, आबा?"

"पाणी सोड."

"कुठलं पाणी? आमचाच पाट कोरडा पडलाय. मला वाटलं, तुम्ही लोकांनीच रात्री येऊन तोंड फोडलं."

मोटुपने वाकून पाटात हात घातला. गाळ वरून सुकला होता. मग वर्षभरात पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमच्याकडे नाही, आमच्याकडे नाही," तो हळूच म्हणाला. "मग पाणी आहे कुठे?"

दोघं गावामागच्या चढावर धावले. पलीकडे, ओढ्याच्याच वरच्या घळीत, अख्खा डोंगर घसरून बसला होता, आणि त्याच्या मागे तपकिरी पाणी साचलं होतं. इतकं, की मोटुपने हयातभर वाटलेलं सगळं पाणी त्यात मावलं असतं. ढिगाऱ्याचा पायथा पाझरायला लागला होता.

"आबा, खालच्यांना वर चढायला सांगा!"

"तुझी आई..." तो म्हणाला. "तुझी आई शंख घेऊन बसलीय गं."

"पात्रातून नको, कड्याने जा!" ती ओरडली.

तो कड्याच्या वाटेने सुटला. पडला, उठला, फावडं कुठे गेलं कळलं नाही. गाव खाली दिसायला लागलं तेव्हा त्याची नजर पात्राकडे गेली. कोरड्या दगडांतून करंगळीएवढी गढूळ धार पळत होती. त्याच्या पुढे होती. तो जिवाच्या आकांताने ओरडला. ज्याच्या शिव्या तीन शेतांपलीकडे जायच्या, त्याचा आवाज वाऱ्याने तिथल्या तिथे गिळला.

मोटुपने कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. आता धावता धावता तो बायकोकडे मागत होता. कुन्झेस, चहा उकळू दे. शेळी सुटू दे. आज नको ऐकूस, बाई.

खालून शंख वाजला. न थांबता, छातीभर श्वासाने, तो तिला नेहमी शिकवायचा तसा.

घराघरांतून माणसं फावडी घेऊन पात्रात उतरू लागली. मेमे तुंडुपला कुणीतरी हाताला धरून उतरवत होतं. आणि मोटुपच्या पाठीमागे, वरच्या घळीत, सकाळपासून नसलेला तो आवाज परत आला.