भीड मफी

माणूस जन्माला येताना दोन हात, दोन पाय आणि थोडीशी भीड घेऊन येतो अशी माझी समजूत होती. माझ्या नवऱ्याचे मामा भेटले आणि ती कायमची मोडली. मामांकडे भीड कमी होती असं मी म्हणणार नाही. इथे बहरीनमध्ये दुकानदार हात झटकून 'मफी' म्हणतो, म्हणजे नाहीच, माल आलेलाच नाही, तशी ती मामांकडे नव्हती. लग्नानंतर मी इथे आले, एका फायनान्स कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरीला लागले, आणि सनाबिसच्या फ्लॅटमधली खोकी अजून सोडायची होती तेव्हाच कणकवलीकडचे हे उंचेपुरे गृहस्थ सुरमईची पिशवी घेऊन दारात उभे राहिले. मी वाकून नमस्कार केला. आशीर्वादाचा हात डोक्यावर असतानाच त्यांनी विचारलं, "सुनबाय, पगार किती? हातात किती पडता?" मी इतकी गोंधळले की खरा आकडा सांगून बसले. मामांनी भाच्याकडे वळून सुस्कारा सोडला, "फसवल्यानी हिका."

पुढे कळलं की हा प्रश्न माझ्यासाठी खास नव्हता. मामा तो सगळ्यांनाच विचारत. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत त्यांनी एका मोठ्या बँक अधिकाऱ्याला त्याचा पगार विचारला. त्या भल्या माणसाने तो सांगितलाही, आणि समोर प्रसाद वाढत असलेल्या त्याच्या बायकोचा हात पातेल्यातल्या शिऱ्यातच राहिला, कारण तिलाही तो आकडा तेव्हाच कळत होता. आरतीनंतर मामा भटजींना बाजूला घेऊन सांगत होते की दक्षिणेत पेट्रोल धरत जा, गाडी काही मंत्रावर चालत नाही. बरं, हा माणूस फक्त आपल्या बाजूने ओढणारा असता तर एकवेळ समजून घेतलं असतं. शेजारच्या जिदहफ्समधल्या न्हाव्याला त्यांनी केस कापून झाल्यावर सुनावलं की तू फार कमी घेतोस, आणि स्वतः वाढीव पैसे मोजून निघून आले. दुसऱ्याच आठवड्यात त्या दुकानाचा दर वाढला. परिसरातली सगळी मराठी डोकी मामांच्या नावाने बोटं मोडू लागली, त्यात माझ्या नवऱ्याचंही होतं. आपल्यातली 'काय ते बघून द्या' ही बोलायची रीत मामांना मुळीच सहन होत नसे. ते म्हणत, "बघून द्या म्हटलंस की समोरचो नुसतो बघीत रवता."

मामांचं काम तसंच चमत्कारिक होतं. एका बहरीनी वकीलबाईंकडे नोटरीचा परवाना होता. कर्ज घेणाऱ्याला कचेरीत यायला सवड नसली की बाई कागद आणि शिक्का घेऊन त्याच्या घरी जात. त्यांची गाडी मामा चालवत, आणि तिथे पोचल्यावर तेच कागद हिंदीत नाहीतर मराठीत वाचून दाखवत. बाईंची फी नियमाने ठरलेली. गाडीचा पगार मामांना बाई देत, वाचून दाखवण्याचे पैसे मात्र कर्ज देणारी कंपनी ठरवणार, आणि ती कंपनी म्हणजे आमचीच. सही झालेल्या फायलीमागे सात दिनार. सही झाली नाही, तर मफी. बाई स्वभावाने इतक्या मऊ की दर वाढवायचा विषय निघाला की 'इंशाल्ला' म्हणून हसत. मामा भर मीटिंगमध्ये त्यांना थांबवत, "मॅडम, नो इंशाल्ला. फिगर." मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता हे विमानाने परत जातात. बाई उलट खळखळून हसल्या आणि आमच्या साहेबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यल्ला, फिगर." म्हणजे चला, आकडा बोला.

आमचे साहेब मुंबईचे, शांत आणि अतिशय गोड बोलणारे. मामांच्या फायली सह्यांशिवाय फार परत येतात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि नात्यातली म्हणून मलाच त्यांनी पाहून यायला पाठवलं. त्या दिवशी आम्ही जिदहफ्सला एका शिंप्याकडे गेलो. माणूस साताऱ्याकडचा, मशीनशेजारीच झोपणारा, गावच्या घरावर माडी चढवायला कर्ज काढत होता. मामा भर उन्हाळ्यात टाय लावून आले होते. कर्जाच्या कागदापुढे उघड्या गळ्याने बसू नये असा त्यांचा नियम होता. शिंप्याने चहा, बिस्किटं, केळी सगळं मांडून ठेवलेलं. मामांनी कपाला हात लावला नाही, आणि मलाही लावू दिला नाही. "चाय पोटात गेली की माणसाक वायट सांगूक जड जाता," ते माझ्या कानात म्हणाले. चहा थंड होत राहिला आणि मामा वाचत राहिले. हप्ता, व्याज, दंड. प्रत्येक पानानंतर ते थांबून विचारत, "समजलं? मग काय समजलं ते मला सांग." शिंपी शाळेतल्यासारखा सांगत होता. मग हप्ते थकले तर प्रवासबंदी लागू शकते ते पान आलं. शिंपी म्हणाला, "म्हणजे गावाला जाता यायचं नाही?"

"नाही," मामा म्हणाले.

"आई आजारी पडली तर?"

"तरी नाही."

शिंप्याने पुढचा प्रश्न मनातल्या मनात विचारला असावा, कारण मामांनी उत्तर दिलं, "तेव्हाही नाही." शिंप्याने पेन झाकण लावून परत केलं. म्हणाला, माडी राहू दे, कौलं बदलतो. बाईंनी शिक्का पेटीत ठेवला. आणि मामांनी त्यानंतर तो गार चहा बिस्किटं बुडवून असा मनापासून घेतला की मी पाहतच राहिले. कंपनीचं माणूस समोर बसलेलं असताना कंपनीचं गिऱ्हाईक घालवायचं आणि वर केळं सोलायचं, हे धाडस माझ्या माहेरी सात पिढ्यांत कोणी केलं नसेल. गाडीत मामा म्हणाले, "आजचे सात गेले, सुनबाय," आणि रेडिओ लावला.

मी साहेबांना पाहिलं ते सांगितलं. साहेब चिडतील असं वाटलं होतं, पण ते हसले आणि त्यांनी मामांना बोलावून घेतलं. आदल्या दिवशी मी मामांना फोन करून बजावलं होतं की यावेळी तरी जरा नमतं घ्या. कारण सरळ होतं. मामांचा व्हिसा बाईंच्या कचेरीचा होता आणि बाईंचं निम्म्याहून अधिक काम आमच्या कंपनीकडून येत होतं. ते गेलं असतं तर साठी उलटलेल्या माणसाला इथे दुसरं कोणी ठेवून घेतलं नसतं. मामा टाय लावून आले. साहेब म्हणाले, "मामा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. सात फार कमी होतात. आपण बारा करू. फक्त सही झाल्यावर, पहिल्यासारखंच." माझा जीव भांड्यात पडला. हा माणूस इतकी वर्षं ज्यासाठी भांडला ते न भांडता हातात आलं होतं.

मामा म्हणाले, "बारा नकोत. पाच द्या."

साहेबांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मलाही तेच वाटलं. आयुष्यात प्रथमच हा माणूस कमी मागत होता, आणि तेही मिळालेलं सोडून.

"पाच द्या," मामा परत म्हणाले. "पण दार वाजवलं की पाच. सही होवो न होवो. साहेब, बारा दिनार समोर दिसायला लागले की माझा आवाज बदलेल. अवघड पान मी भराभर वाचीन. 'समजलं का' विचारायचं, ते 'समजलं ना' असं विचारीन. दुसऱ्या कोणाचं मी सांगत नाही. मला मी ठाऊक आहे."

साहेब अजिबात रागावले नाहीत. त्यांनी मामांना लिफ्टपर्यंत पोचवलं आणि "बघू" म्हणाले. आमच्या ऑफिसातल्या 'बघू'चा अर्थ मला चांगला माहीत होता. महिनाभरात ते काम दुसऱ्या नोटरीकडे गेलं. मी मामांवर इतकी संतापले की दोन आठवडे त्यांचा फोन घेतला नाही. मग ते स्वतःच घरी आले आणि व्हिसा संपतोय, जातो म्हणाले. बाई त्यांना काम नसतानाही ठेवून घ्यायला तयार होत्या, इंशाल्ला काहीतरी होईल म्हणत होत्या. मामांनी नाही म्हटलं. शेवटच्या दिवशी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, मामांच्याही आलं, आणि रुमालाने नाक पुसता पुसता त्यांनी रजेचा पगार, इतक्या वर्षांच्या सेवेची रक्कम आणि विमानाचं तिकीट एकेक करून मागून घेतलं. मी तिथेच उभी होते. हसावं की रडावं हे मला कळेना. एअरपोर्टवर मला जवळ घेऊन म्हणाले, "तुझो पगार अजून कमीच हा."

त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले असतील. साहेब माझ्या टेबलापाशी आले, आणि कधी नव्हे ते उभेच राहिले. त्यांचा धाकटा भाऊ अमवाजला राहतो, हे मला माहीत होतं. तो एका मित्राच्या कर्जाला जामीन राहत होता. कागद आमच्या कंपनीचे नव्हते, दुसरीकडचे. "माझं ऐकत नाही," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मित्राच्या भिडेपोटी सही करतोय, पान उघडूनसुद्धा बघितलेलं नाही. तुमचे मामा शनिवारी त्याच्या घरी येतील का? नुसतं वाचून दाखवायला?"

मी म्हणाले, "त्यांना दार वाजवल्याचे पैसे लागतात, सर. सही झाली नाही तरी."

"सही होऊ नये हेच तर मला हवंय," साहेब म्हणाले.

मग मी त्यांना मामा गेल्याचं सांगितलं. साहेब समोरच्या खुर्चीत बसले. मग त्यांनी विचारलं, "किती मागत होते ते आपल्याकडे?"

वास्तविक तो आकडा त्यांना ठाऊक होता. मी सांगितला. पाच.

"एवढेच?" साहेब म्हणाले.

मी हो म्हटलं. मामांची त्या क्षणी मला फार आठवण आली. साहेब उठून आपल्या केबिनमध्ये गेले आणि भावाला फोन लावत राहिले. पलीकडून तो उचलत नव्हता.