दोघांची होडी

विठूदादा गेला, हे मला जव्हारला शाळेत तास चालू असताना कळलं. फोन हातात धरून वर्गाबाहेर उभा राहिलो आणि मनात पहिलं आलं ते, सुटला बिचारा. सख्ख्या चुलत भावाबद्दल असं वाटलं याचं आज काही आठवड्यांनीही मला वाईट वाटत नाही...

दादा पोशेऱ्याचा, भात-नाचणी करणारा. शिरपामाळचं ऐतिहासिक ठिकाण बघायला येणारी मंडळी पुढे जव्हारजवळच्या धरणावरही रेंगाळतात हे बघून त्यानं, नव्वदच्या दशकात, तिथं होडी फिरवायचं मनावर घेतलं. ठाण्याला एकाकडे पायडल मारायच्या दोन जुन्या होड्या विकायला होत्या, एक सहा जणांची, एक दोघांची. घेणं झेपणार होतं एकच. वहिनी मोठीवर अडून बसली. "आपल्याकडं कोण एकटंदुकटं येतं? आख्खं घर येतं." दादा मात्र लहानीभोवतीच घुटमळत होता. माणूस इतका भिडस्त, की भरल्या जीपमध्ये दुसऱ्याला जागा देऊन स्वतः टपावर चढायचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मोठीत सहाचे आठ बसतील. माझ्यानं नाय म्हणवत नाय. लहान असली म्हंजे होडीच नाय म्हणेल." मला हसू आलं, पण पटलंही. लहान होडी आली आणि बरी चालली.

मग आमच्या पुतणीचं लग्न झालं. दादाची मुलगी कुंदा, नववीतली, तिची पाठराखीण म्हणून सासरी गेली. पाठराखिणीनं नवरीला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दुसऱ्याच दिवशी नवरा-नवरी होडीत बसायला आले, बरोबर कुंदा. पाण्यात तरंगायची जॅकेटं दोनच. दादा म्हणाला, "कुंदे, तू थांब काठावर." नवरी तिचा हात सोडेना. जावई हसला. "बसू द्या काका, हिचं वजन ते काय?" जावई माणूस, तोही लग्नाच्या दुसऱ्या दिवशी... दादानं तिघांना बसवून होडी पाण्यात लोटली. मधोमध गेल्यावर जागा बदलायला जावई उठला आणि होडी उलटली. जॅकेटवाली दोघं तरंगली. कुंदाला संध्याकाळी बाहेर काढलं.

त्यानंतर दादा धरणाकडे फिरकला नाही. वहिनीनं त्याला कधी शब्दानं टोचलं नाही. तो मात्र ती आसपास नसली की मला विचारायचा, "मोठी घेतली असती तर वाचली असती का रे पोर?" मी दरवेळी म्हणायचो, "नाही दादा, तिचं तेवढंच होतं." दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही त्यानं तेच विचारलं, मीही तेच सांगितलं. त्याला खरं वाटायचं की नाही, देव जाणे.

दहावं झाल्यावर वहिनी ओट्यावर नाचणी पाखडत बसली होती. न राहवून मी तिला हे सगळं सांगितलं. सुपावरचा तिचा हात थांबला.

"मला नाय कधी विचारलं त्यांनी," ती म्हणाली. मग नाचणीतला एक खडा वेचून तिनं अंगणात टाकला.

"बरं केलं. मी हो म्हटलं असतं."