यंदा कुणालाच नाही

परकार सरांना खुर्चीत बसून वाचताना मी कधीच पाहिलं नाही. कागद हातात आला की त्यांच्या खोलीभर येरझारा सुरू. मूळचे रत्नागिरीचे, अबुधाबीत एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक. नव्वदच्या दशकात आमच्या मराठी मंडळानं लेख आणि कथेसाठी वार्षिक पुरस्कार सुरू केले, तेव्हा परीक्षक म्हणून आम्ही त्यांनाच गळ घातली.

"पुरस्कार म्हणजे लग्नातला आहेर नव्हे," ते नेहमी बजावायचे.

एका वर्षी मीही कथा पाठवली. आखातातली मुलगी आजारी वडिलांपाशी वेळेवर पोचते, त्यांचा हात हातात घेते, अशी. वाचणारे रडले होते. पुरस्काराची मला खात्री होती. सर माइकपाशी आले आणि म्हणाले, "कथेचा पुरस्कार यंदा कुणालाच नाही."

अध्यक्ष हबकले. "अहो सर, स्पॉन्सर समोर बसलेत! कुणालातरी द्या आणि खलास करा."

"विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पत्रकारितेची आणि साहित्याची पारितोषिकं निघाली. पहिल्याच वर्षी कादंबरीचं कुणालाही दिलं नाही. तिथे आभाळ कोसळलं नाही. इथेही नाही कोसळणार."

पार्किंगमध्ये मी त्यांना गाठलं. "माझ्या कथेत काय कमी होतं?"

ते गाडीभोवती फिरत राहिले. मग एकदम विचारलं, "वहिनी, तुम्ही खरंच पोचला होतात?"

बाबा गेले तेव्हा माझा पासपोर्ट व्हिसाच्या नूतनीकरणात अडकला होता. धाकट्या भावाला ते पटलं नाही. त्यानं बोलणंच टाकलं होतं.

"नाही पोचले," मी म्हटलं.

"मग ते लिहा."

कित्येक महिने मला ते जमेना. लिहायचे, फाडायचे, चिडून उठायचे. तोवर सरांची नोकरी संपली आणि ते रत्नागिरीला परतले. अखेर पूर्ण झालेलं मी त्यांना फोनवर वाचून दाखवलं.

"सर, यंदा पाठवू ना स्पर्धेला?"

"नको. हे परीक्षकासाठी नाही. आधी भावाला द्या. वाचेल तो, इन्शाल्ला."

मी ते सांगलीला भावाकडे पोस्टानं पाठवलं आणि रोज फोनभोवती घुटमळत राहिले. सर पुढच्याच वर्षी गेले. पण त्याआधी, एका शुक्रवारी दुपारी, फोन वाजला होता.

"तायडे," भाऊ म्हणाला, "तिकीट काढ. मुंबईला घ्यायला मी येतो."