बाजूला की बेंबीशेजारी?

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ होते आणि एका प्रश्नानं मला पछाडलं होतं. पोटाच्या ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून नसा बधिर करायच्या, तर सुई कुठं द्यावी? बरगडी आणि कमरेच्या मध्ये, बाजूला, की बेंबीशेजारी? बाजूची सुई स्नायूंच्या थरांतून जाताना हाताला दोन बारीक झटके जाणवत. त्याचं मला भारी अप्रूप. सर्जन म्हणायचे, "तुमचं आपलं काहीतरीच!" पण मी हट्टी. पेशंटची परवानगी घेऊन एकीला बाजूला, दुसरीला बेंबीशेजारी, अशी वही भरत चालले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात जाऊन विचारायचं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?" बेंबीवाल्या चार-पाच म्हणत, बाजूवाल्या एक-दोन. मी मनातल्या मनात मांडे खात होते.

गर्भाशय काढलेली एक बाई होती. गावाबाहेर त्यांचा झेंडूचा मळा. तिला बाजूच्या सुया दिल्या होत्या. हसून म्हणाली, "दोन, म्याडम. लय आराम हाय." मी खुशीत दोन लिहिले आणि दुखण्यावरचं जास्तीचं इंजेक्शन नको म्हणून नर्सला सांगितलं.

दारात वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती सकाळपासून कुशीवर वळली नाही. खोकला आला तरी दाबून धरते. तुम्ही आलात की मात्र पदर नीट करून हसते."

मला आधी रागच आला. तरी परत गेले, स्टूल ओढून बसले, वही मिटली. "ताई, खरं सांगा."

तिचे डोळे भरले. "आठ असंल. उजवीकडं तर हातबी लाववत नाय."

उजवीकडची सुई माझीच चुकली होती. लगेच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिचा चेहरा सैलावला, तेव्हा विचारलं, "अहो, मग दोन का म्हणालात?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं इचारता. आठ म्हनले असते, तर तुमचं तोंड एवढंसं झालं असतं."

बेंबीवाल्यांना मी तितक्या हौसेनं कधी विचारलंच नव्हतं. वही उघडली. बाजूच्या रकान्यात पानभर एक आणि दोन होते. त्या सगळ्या बायका केव्हाच घरी गेल्या होत्या. मला माझीच लाज वाटली.