मागचं आतलं चाक

आमच्या ह्यांची बस ठरल्या मिनिटाला सुटते, म्हणून डेपोत सगळे ह्यांना ‘घड्याळ’ म्हणतात. घरात मात्र ह्या घड्याळाचे काटे कुठेही फिरतात! चष्मा कपाळावर चढवून घरभर शोधतील, दूध उतू जाताना नुसते बघत उभे राहतील. पण बसच्या बाबतीत नाव ठेवायला जागा नाही. जन्म गेला गाडी चालवण्यात, साधा ओरखडा नाही.

गाडी काढण्याआधी ते लाकडी दांडक्याने सहाही चाकं ठोकून बघतात. पुढची दोन, मागची जोडीजोडीने चार. हवा असलेलं चाक टण्ण वाजतं, उतरलेलं भद्द. डेपोचं कॅन्टीन मी चालवते, त्यामुळे चहा गाळताना ते ठोके रोज कानावर पडतात.

मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी दुखण्यावर गोळ्या दिल्या आणि बजावलं, "ही अफूच्या जातीची गोळी आहे. घेऊन गाडी चालवायची नाही." ह्यांनी मान डोलावली. मला वाटलं, ड्यूटी परत सुरू झाली तेव्हा गोळ्या बंद झाल्या. कसल्या बंद! दुखतं म्हणून रोज सकाळी एक घ्यायचे, माझ्यापासून लपवून. ‘मला काही होत नाही’ हा तर समस्त पुरुषांचा आवडता मंत्र.

एका सकाळी बस माणसांनी भरलेली. मी ठोके ऐकत होते. पुढचं एकच चाक दोनदा वाजलं आणि मागचं एक वाजलंच नाही. तरी हे चढून बसले, इंजिन सुरू! मी गाळणी हातात तशीच धरून धावले आणि बससमोर उभी राहिले.

"बाजूला हो! चारचौघांत काय तमाशा लावलायस?"

"लावणारच! उतरा खाली. एक चाक राहिलंय."

"सगळी ठोकलीत मी."

"मग परत ठोका."

तणतणत उतरले. डावीकडचं मागचं आतलं चाक ठोकलं. भद्द!

चेहरा पांढराफटक पडला. खिडकीतून एक बाई लेकराला कडेवर घेऊन वाकून बघत होती. ह्यांनी त्या लेकराकडे बघितलं आणि खिशातल्या गोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. मग किल्ली घेऊन स्वतःच डेपोच्या साहेबांकडे गेले. "साहेब, मी गोळी घेऊन गाडी काढत होतो. मला गाडीवरून उतरवा." मला इतका राग आला होता, आणि त्याच क्षणी इतका अभिमानही वाटला!

साहेबांनी त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. डॉक्टर लेखी देतील तेव्हाच स्टिअरिंग, नाहीतर कायमचं नाही. गोळ्या एकदम न तोडता डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. घाम, जांभया, पायांची तळमळ, चिडचिड तर विचारू नका! भांडलो आम्ही कडाकडा, पण ह्यांनी पुन्हा काही लपवलं नाही. "घड्याळ बंद पडलं का हो?" असं एका ड्रायव्हरने विचारलं, त्याला मी आठवडाभर बिनसाखरेचा चहा पाजला.

शेवटी डॉक्टरांनी लिहून दिलं. त्या सकाळी मी गाळणी धरून कान टवकारून उभी. टण्ण, टण्ण... सहाही चाकं वाजली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण बस हलेना. डोकावून बघते तर हे परत त्या मागच्या आतल्या चाकापाशी! पुन्हा एक ठोका दिला, टण्ण!

"ऐकलंस का गं?" इतक्या मोठ्याने ओरडले की प्रवासी दचकले.

"ऐकलं! निघा आता, उशीर होतोय!"

घड्याळाने स्वतः काढलेली बस आयुष्यात पहिल्यांदा उशिरा सुटली, आणि अख्खा डेपो टाळ्या वाजवत होता.