चिखलात कोण उतरलं

हे मी इतकी वर्षं कुणापाशी बोललो नव्हतो. तुमच्यापाशीही बोललो नसतो. पण गेल्या रविवारी माझ्या हातून एक वेडेपणा झाला, आणि तेव्हापासून खाल्लेलं अंगी लागत नाहीये.

माझी लेक मयूरी कंपनीची गाडी घेऊन डोंबिवलीला आलेली. गाडी म्हणजे काय सांगू — सोसायटीच्या गेटमधून आत शिरली तर वॉचमन खुर्चीवरून उठला. माझ्यासाठी तो कधी उठलेला नाही. मला शेजारी बसवून ती म्हणाली, "बाबा, आत्ता फक्त मागच्या दोन चाकांना ताकद जातेय. आणि आता —" तिने एक बटण दाबलं, "— चारही चाकांना." आणि मी काय करावं? दार उघडून एक पाय खाली टाकला.

"कुठे चाललात?"

"नाही... पुढची चाकं लॉक करायला उतरावं लागतं ना?"

ती हसली. "आता कुणालाच उतरावं लागत नाही, बाबा."

मी पाय आत घेतला.

गाडी जोरात पळत असताना हे दोनाचं चार नि चाराचं दोन व्हावं आणि आत बसलेल्याला कळूही नये, हे जमवणाऱ्या माणसांत माझी मुलगी आहे. हे मी रिक्षावाल्यांना सांगतो, भाजीवालीला सांगतो, कुणी नसलं तर दाढी करताना आरशाला सांगतो. लोक म्हणतात, बापावर गेलीय. मी कधी नाही म्हटलंय?

कारण सासुरवाडीत मी 'फोर व्हीलवाला जावई'. ही पदवी मिळाली मेहुण्याच्या हळदीला. आम्हा आगऱ्यांत धवलारीण आल्याशिवाय लग्नघरात काही हलत नाही — गाणी तिची, विधीही तीच सांगणार. मंडप भरलेला आणि धवलारीण आजी खाडीकडच्या पाड्यात अडकलेली. मी नुकतीच जुनी जीप घेतलेली. म्हटलं, मी आणतो. मयूरी तेव्हा शाळेत होती. हट्ट करून पुढे बसली, नव्याकोऱ्या पिवळ्या फ्रॉकमध्ये. मी पांढरा शर्ट, पांढरी पॅन्ट — जावई ना.

आजीला घेऊन परत येताना उधाणाचं पाणी बांधावर चढलं. खाजणातल्या चिखलात जीप बसली. मी ऐटीत छोटा दांडा ओढला — फोर व्हील. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची ढिम्म. पुन्हा ओढला. तेच. मागे आजी डोळे मिटून एकेका देवाला हाक मारत होती. पाणी वाढत होतं. आणि मला — कसं सांगू? — मला काही म्हणजे काही सुचत नव्हतं.

"बाबा," मयूरी म्हणाली, "त्या काकांनी पुढच्या चाकांवरच्या चकत्या फिरवलेल्या."

खरंच की. जीप विकणाऱ्याने दाखवलं होतं. आतला दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधल्या चकत्या हाताने फिरवायच्या, तेव्हा कुठे ती चाकं कामाला लागतात. तो दाखवत होता तेव्हा मी बॉनेटवरून हात फिरवत होतो. बघत होती ती.

म्हणजे उतरायला मीच हवा होतो. मी चिखलाकडे बघितलं. मग पॅन्टकडे बघितलं — आणि तेवढ्यात पोर उतरलीसुद्धा. गुडघाभर चिखलात. एक चकती फिरवली, पलीकडे जाऊन दुसरी फिरवली. जीप उठली.

इथवरच असतं, तर हे मीच गावभर मिरवलं असतं. पण मंडपात कुणीतरी विचारलं, "एवढ्या उधाणातून आलात कसे हो?" आणि मी म्हणालो, "काय करणार? उतरलो चिखलात. चाकं लॉक केली."

उतरलो. मी.

मयूरी शेजारीच उभी होती, माखलेली. सासूबाई म्हणाल्या, "नवा फराक घान केलास गो पोरी." आमच्या हिने, म्हणजे बायकोने, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, कुणाचेतरी जुने कपडे चढवले आणि तिला मंडपाच्या मागे बसवलं. जाताना पोरीने माझ्याकडे बघितलं. मी आजीसाठी खुर्ची शोधायला गेलो.

आजी गायला लागली, सगळं घर पिवळं झालं. पोर मागे बसून ऐकत होती. मला मानाचं पहिलं ताट आलं. आणि मी जेवलो. मटण फार छान झालेलं — तेही आठवतंय, बघा.

गेल्या रविवारीच संध्याकाळी ठाण्यात, कोपरीच्या एका हॉलमध्ये, समाजाने मयूरीचा सत्कार केला. गाड्यांचं हे वेड कुठून आलं, असं कुणीतरी विचारलं. तिने माईक हातात घेतला, मला शोधलं आणि म्हणाली, "बाबांच्या जीपमधून."

टाळ्या पडल्या. मलाही स्टेजवर बोलावून शाल घातली. छाती अशी भरून आली की विचारू नका — लेक माझीच होती ना? आणि तरीही, तिथे माईकसमोर, एवढे लोक ऐकत असताना, मी पुन्हा गप्प राहिलो. शाल घेतली आणि खाली उतरलो.

मयूरी मैत्रिणींबरोबर थांबली. आम्ही दोघं नवरा-बायको रिक्षाने निघालो. कळव्याच्या पुलावर खाडी दिसली आणि मी हिला सगळं सांगून टाकलं.

हिने माझ्या खांद्यावरची शाल काढली, घडी करून मांडीवर ठेवली.

"अहो, त्या हळदीचे कपडे कुणी धुतले?" ती म्हणाली. "पोरीचा फ्रॉक घासून घासून फाटला. तुमची पॅन्ट मी नुसती झटकून कपाटात ठेवली."