दुर्गाबाईंची अकरा पासिंगं

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक व्हॅन काशिनाथने घेतली आणि घाट उतरून कसालला आणली. दुर्गाचं लग्न होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. गाडीचा आवाज ऐकून अर्धं गाव रस्त्यावर आलं. काशिनाथने सगळ्यांसमोर बायकोला पुढच्या सीटवर बसवलं आणि थेट मालवणला समुद्र दाखवायला नेलं. सासूने आठ दिवस अबोला धरला. दुर्गाला त्याचं काहीच वाटलं नाही.

पाच वर्षं बरी गेली. आंब्याच्या पेट्या, काजू, भाताची पोती, शाळेची बाकं, काय मिळेल ते काशिनाथ वाहायचा. पण त्याच्या हातांना मोठ्या यंत्रांची ओढ होती. बावन्न साली आफ्रिकेतल्या मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात त्याला काम लागलं. दोन वर्षांचा करार होता. निघायच्या दिवशी त्याने गाडीची चावी दुर्गाच्या हातात दिली.

"लवू गाडी चलवतलो," शेजारी उभ्या असलेल्या आपल्या क्लीनरकडे बघत तो म्हणाला. "पण पासिंग तू बघ गो. गाडी एकदा उभी ऱ्हवली की कुसता. दरवर्सा पास करून घे. मी इलंय की आपण दोगा मिळान धंदो वाढवया."

"आणि तुमी कधी येतलास?"

"दोन वर्सां. ती काय, अशी जातत."

तिच्या नावाचं एक अधिकारपत्रही त्याने करून ठेवलं होतं. गाडी पास करून घ्यायला तेवढं पुरत होतं. कागदावर मालक मात्र तोच.

त्या वर्षीच्या डिसेंबरात दुर्गा पहिल्यांदा पासिंगला गेली. मोटार इन्स्पेक्टरचा कॅम्प खारेपाटणला, नदीजवळच्या मोकळ्या जागेत लागायचा. ट्रक रांगेने उभे, ड्रायव्हर बिड्या ओढत बसलेले, आणि त्या सगळ्यांत नऊवारीतली ही एकटी बाई, हातात कागदांची पिशवी घेऊन. बायामाणसांचं इथे काय काम, असं कुणीतरी मोठ्याने बोललं. तिने पिशवी घट्ट धरली आणि पुढे झाली.

इन्स्पेक्टर आठल्ये उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी दिवे लावून पाहिले, भोंगा वाजवला, स्टेअरिंग हलवून बघितलं, लवूला गाडी पळवून ब्रेक मारायला लावला. मग कागद चाळत विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"आफ्रिकेत," दुर्गा म्हणाली. ऑफिसातलं माणूस समोर असलं की तिचं बोलणंही शाळेतल्यासारखं व्हायचं. "दोन वर्षांनी येणार आहेत."

गाडी पास झाली. परतीच्या वाटेवर तिला इतका आनंद झाला होता, की जणू काशिनाथच्याच तब्येतीची खबर कुणी दिली होती. त्या दिवशी घरी जाऊन तिने चार पानी पत्र लिहिलं.

दोन वर्षं झाली. करार वाढला. पुन्हा वाढला. पत्रं आधी महिन्याला यायची, मग सणाला. प्रत्येक पत्राच्या शेवटी 'पुढील साली येण्याचे करीत आहे' असं असायचं आणि दुर्गा ते खरं मानायची. गाडीचं वय मात्र लपत नव्हतं. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला होता. सत्तावन्न साली ब्रेकच लागला नाही. गाडी आठल्ये साहेबांच्या टेबलापाशी येऊन कशीबशी थांबली. साहेब खुर्ची सोडून उठले होते.

"पंधरा दिवस देतो," ते म्हणाले. "एवढ्यात दुरुस्त झाली तर पुन्हा आणा."

त्या पंधरा दिवसांत दुर्गा पहिल्यांदा गाडीखाली शिरली. लवू नको नको म्हणत होता. तिने पदर खोचला, पोतं अंथरलं आणि पाठीवर झोपून गेली.

"ह्या काय रे?"

"ब्रेकची नळी ती, वयनी. हय बघा, फुटली आसा."

"आणि ह्या?"

"ते पाटे. तेंच्यावर गाडी बसता."

तेव्हापासून तिने गाडी पोटातून ओळखली. दर पावसाळा संपला की ती विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडीचं खालचं अंग धुवायची, गंज खरवडायची आणि मालवणच्या होड्यांना लावतात ते माशाचं तेल चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, चोळायची. हाताचा वास चार दिवस जात नसे. सासू तिला स्वयंपाकघरात येऊ देत नसे. लहान हातोडीने लोखंड ठोकून आवाजावरून ते कुठे पोकळ झालंय हे तिला लवूच्याही आधी कळू लागलं.

आठल्ये साहेब दरवर्षी तपासणी संपवून विचारायचे, "मालक आले का?" आणि ती म्हणायची, "येणार आहेत." हे दोन शब्द म्हणायला मिळावेत म्हणूनच ती खारेपाटणला जाते की काय, असं लवूला कधीकधी वाटायचं. गावात आता तिला कुणी विचारत नव्हतं. बायका विषय टाळायच्या. साठ साली साहेबांनी कागदावर शिक्का मारला, सही केली आणि पुढच्या गाडीकडे वळले. दुर्गा क्षणभर तिथेच उभी राहिली.

परतताना कणकवली मागे पडली. तेव्हा दुर्गा म्हणाली, "लवू, आज साहेबान इचारल्यान नाय."

"गर्दी होती, वयनी. इसारलो असतलो."

"नाय रे. तेंका कळला."

लवूने रस्त्यावरची नजर हलवली नाही. ती पदर तोंडाला लावून रडत होती आणि आपल्याला ते कळलंय हे तिला कळू नये, एवढंच त्याच्या हातात होतं.

आणखी दोन वर्षं गाडी पास झाली. त्रेसष्टच्या डिसेंबरात आठल्ये साहेब स्वतः वाकून गाडीखाली गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर त्यांनी रुमालाने हात पुसले.

"दुर्गाबाई, तुम्ही स्वतः बघा."

ती खाली शिरली. मागच्या पाट्यांच्या वर चासीला आडवी भेग गेली होती. तिने बोट फिरवलं, बोटाचं टोक आत गेलं. सप्टेंबरात तिथेच तिने हातोडी मारली होती. आवाज तिला बरा वाटला नव्हता, पण तिने पुन्हा मारून पाहिलं नव्हतं.

"वितळवून जोडली तर?" बाहेर येऊन तिने विचारलं.

"एक चढ काढेल. दुसऱ्या चढावर दोन तुकडे होतील. त्यात लवू असेल." साहेबांचा आवाज मऊ झाला. "तुम्ही हिला चार-पाच वर्षं जास्तच चालवलंत. आता मोडीत काढा. फॉर्मवर मालकाची सही लागेल."

म्हणजे मोंबासाला लिहायला हवं होतं. तिने लिहिलं आणि फॉर्म पाठवला. मनात कुठेतरी तिला वाटत होतं की गाडी मोडायची म्हटल्यावर तरी तो हलेल. निदान गाडीला शेवटचं बघायला येईल.

माघात उत्तर आलं. फॉर्मवर सही होती. सोबत अर्धं पान होतं. 'गाडी अजून आहे हे वाचून नवल वाटले. माझी समजूत, ती मागेच मोडीत गेली असेल. इतकी वर्षे कशास ठेवलीस? येथे कामाची फार ओढ आहे. पुढील साली येण्याचे करीत आहे.'

दुर्गाने ते तीनदा वाचलं. मग अंगणात जाऊन लवूला म्हणाली, "पेट्रोल किती आसा?"

"थोडा आसा. कित्याक?"

"माका चलवक शिकव."

लवू हसला नाही. कापणी झालेल्या मळ्यात त्याने गाडी उतरवली आणि स्वतः डाव्या बाजूला बसला. दुर्गा आजवर कधी स्टेअरिंगमागे बसली नव्हती. ती जागा काशिनाथची, लवूला फक्त उसनी दिलेली, असं ती मानायची. गाडी दोनदा धक्का खाऊन बंद पडली. तिसऱ्यांदा चालली. बांधाबांधाने ती मळ्याला फेऱ्या घालत राहिली, घामाने भिजली, एकदा खोपीचा खांब थोडक्यात वाचला. शेवटी इंजिन खोकलं आणि पेट्रोल संपून गाडी मळ्याच्या मध्येच थांबली. दुर्गा स्टेअरिंग धरून बसून राहिली.

"जड आसा रे," एवढंच ती म्हणाली.

गाडी मोडीत गेली आणि लवू एसटीत ड्रायव्हर झाला. दुर्गाने दुसरी गाडी घेतली नाही. पण पासष्ट साली कुणा ट्रकवाल्याने पासिंगच्या आधी तिला गाडी दाखवली. तिने खाली शिरून दोन दोष दाखवले, ते दुरुस्त झाल्यावर ट्रक पहिल्या फटक्यात पास झाला. मग नोव्हेंबर लागला की कसालच्या तिठ्यावरून, तीन रस्ते मिळतात तिथून, 'आधी दुर्गाकाकीक दाखव' असं ऐकू यायला लागलं. तिच्या दारात ट्रक उभे राहायचे. ती चाळिशी ओलांडलेली बाई, पदर खोचून, पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली जायची आणि आतून ड्रायव्हरला ओरडायची, "ह्या कोणी बांधल्यान रे? सुतळीन ब्रेक धरतत काय?"

गाडीबद्दल तिने काशिनाथला पुन्हा कधी लिहिलं नाही. त्याची पत्रं वर्षाला एक-दोन येत राहिली.

चतुर्थी जवळ आली की मुंबईच्या गाड्या कसालला थांबायच्या, पोराबाळांनी, ट्रंकांनी भरलेल्या. संध्याकाळी हात धुऊन, केस विंचरून दुर्गा तिठ्यावर येऊन उभी राहायची. माणसं उतरायची, आपापल्या माणसांच्या गळ्यात पडायची. कुणी ओळखीचं विचारायचं, "काय काकी, हय खंय?"

ती लपवायची नाही.

"ते येतत काय बघतंय," म्हणायची आणि पुढच्या गाडीची वाट बघायची.